लॅपटॉप 'नो बूटेबल डिव्हाइस' म्हणतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे बघा

पावसाळा लागला की गोव्यात लाईट येते-जाते, हवा दमट होते, आणि मग सुरू होतं की स्क्रीनवर काळं पान येतं आणि 'नो बूटेबल डिव्हाइस' लिहून येतं. मग जो तो म्हणतो फॉरमॅट मार. अरे, डिस्कच सापडत नसेल तर फॉरमॅट कशाला मारणार? आणि सापडत असेल तर बहुतेक वेळा त्याची गरजच नसते.

आधी पेनड्राइव्ह, एसडी कार्ड, बाहेरची हार्डडिस्क, जे लावलंय ते सगळं काढा. चार्जरही काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करून बघा.

नाही झालं तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारा मशीनचा स्वतःचा सेटिंगचा प्रोग्राम) जा. मशीन चालू होताना दाबायचं बटण कंपनीप्रमाणे वेगळं: डेल, एसर, आसुसला एफ-२, एचपीला एस्केप आणि मग एफ-१०, लेनोवोला एफ-१ नाहीतर एफ-२. तिथे डिस्कचं नाव दिसतं की नाही एवढंच बघायचं, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

नाव दिसत नसेल तर काम स्क्रूड्रायव्हरचं. मागचं झाकण उघडा, बॅटरीची वायर आधी सोडवा (हे विसरू नका), एसएसडीचा (म्हणजे आजच्या लॅपटॉपमधली चिपवाली डिस्क) स्क्रू काढून ती बाहेर ओढा, सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळल्यावर परत बसवा. आमच्याकडे किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा असते, धातूवर थर लवकर चढतो. खोडरबराने घासा असं सांगणारे भेटतील, ऐकू नका, पूड स्लॉटात जाते. तरीही दिसली नाही तर ती एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून बघा, तिथेही गप्प असेल तर ती गेली समजा.

आता खरी डोकेदुखी: बायोसला डिस्क दिसते, पण विंडोज निळी स्क्रीन दाखवतं, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. मी यावर बराच काळ अडकलो होतो, कारण डिस्क चांगली, केबल चांगली, विंडोजसुद्धा चांगलं. घोळ असतो स्टोरेजच्या मोडमध्ये. बायोसमध्ये साटा मोड म्हणून एक जागा असते, तिथे एएचसीआय (AHCI) किंवा रेड (RAID) असं काहीतरी निवडलेलं असतं, म्हणजे मशीनने डिस्कशी कसं बोलायचं त्याच्या पद्धती. विंडोज ज्या मोडवर टाकलं होतं तोच मोड असायला हवा, बदलला की त्याला स्वतःचीच डिस्क ओळखता येत नाही.

पण मोड आपोआप बदलतो कसा? बायोसमधली तारीख बघा. ती भलतीच जुनी असेल तर मदरबोर्डचा छोटा सेल संपलाय (बऱ्याच लॅपटॉपमध्ये सीआर-२०३२, वायर लावलेला), आणि सेल संपून वर बॅटरीही उतरली की बायोस कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातो. मोड परत आधीचा करा, सेव्ह करा, मशीन चालू होईल. मग सेल बदला, नाहीतर लाईट गेली की परत हेच. आधीचा मोड आठवत नसेल तर दोन्ही करून बघा, नुसता मोड बदलल्याने डेटा उडत नाही. फक्त रेडच्या मेनूत जाऊन नवीन व्हॉल्यूम वगैरे काही बनवू नका, तिथे मात्र डेटा जातो.

आणि हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) की शोधून ठेवा. बायोसमध्ये बदल केला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं, ती बहुतेकदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते. ती नसताना हा खेळ सुरू करणारा माणूस नंतर डोकं धरून बसतो.

नव्या विंडोजच्या इन्स्टॉलेशनमध्ये डिस्कची यादी रिकामी दिसली तरी दुकानात धावू नका. ११व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळणारी सोय) चालू असणं नेहमीचंच, आणि तिचा ड्रायव्हर नसेल तर इन्स्टॉलेशनला डिस्क दिसत नाही. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, पेनड्राइव्हवर उघडून टाका आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो दाखवा, डिस्क लगेच येते.

लिनक्सवाल्यांनो, बूट होताना सरकणाऱ्या 'एसीपीआय बायोस एरर'च्या ओळी बघून घाबरू नका, लॉगिन येतंय आणि सगळं नीट चालतंय तर सोडून द्या. फर्मवेअर (वायफायसारख्या भागाला चालायला लागणारी फाइल) मिळालं नाही अशी ओळ असेल आणि वायफायही दिसत नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून नेट घ्या आणि तेवढं पॅकेज टाका.