वेगळ्या वर्षाच्या मॉडेलचा गिअरबॉक्स गाडीला कसा बसवावा

खानदेशात केळी, कापूस आणि माणसे वाहणाऱ्या जीपगाड्या वर्षानुवर्षे चालवल्या जातात. गिअरबॉक्स निकामी झाला की त्याच नावाच्या, पण पुढच्या-मागच्या वर्षाच्या गाडीचा जुना गिअरबॉक्स शोधावा लागतो. नाव एक असले तरी माप एक असेलच असे नाही, म्हणून पैसे मोजण्यापूर्वी माप घ्यावे.

सर्वांत आधी इनपुट शाफ्टचे (इंजिनाकडून गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचे) दाते मोजावेत आणि त्याची जाडी व्हर्निअरने (बारीक माप घेणाऱ्या पट्टीने) तपासावी. क्लच प्लेट हा इंजिन व गिअरबॉक्स यांमधील दुवा आहे: तिच्या मधल्या छिद्राचे दाते गिअरबॉक्सशी जुळावे लागतात, तर बाहेरचा व्यास फ्लायव्हीलशी, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाशी. दाते वेगळे निघाले तर दोन्हींशी जुळणारी प्लेट मिळते का, हे पाहिल्याशिवाय सौदा करू नये. शाफ्टचे टोक ज्यात बसते ते पायलट बेअरिंग, बेल हाउसिंगची (क्लचभोवतीच्या घंटेसारख्या आवरणाची) बोल्टची छिद्रे आणि गिअरबॉक्सची एकूण लांबीही पाहावी. लांबी बदलली तर प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांकडे फिरण्याची शक्ती नेणारा लांब दांडा) आणि खालचा माउंटिंगचा आडवा पट्टा दोन्ही बदलावे लागतात. क्लच केबलचा आहे की हायड्रॉलिक, आणि स्पीडोमीटरला केबल लागते की सेन्सर, याकडे हमखास दुर्लक्ष होते.

मग प्रत्येक गिअर टाकून शाफ्ट हाताने फिरवावा आणि तेल काढून पाहावे. तेल काढण्याच्या बुचाच्या चुंबकावरची बारीक राखाडी भुकटी चालते. धातूचे तुकडे दिसले तर तो गिअरबॉक्स घेऊ नये.

काम सुरू करताना बॅटरीची तार काढावी, चाकांना अटकाव लावावा आणि गाडी मजबूत स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर (जोडाच्या चकत्यांवर) खुणा कराव्यात. निकामी गिअरबॉक्स उतरवल्यावर नवी क्लच प्लेट मध्यावर आणून तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळावी, क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग बदलावे आणि गिअरबॉक्स जॅकवर सरळ रेषेत पुढे सरकवावा. तो अडला तर बोल्ट आवळून ओढू नये, आणि त्याचा भार इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नये, कारण त्याने प्लेटचे मधले हब वाकते.

तेल मात्र बसवलेल्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेप्रमाणेच भरावे. प्रथम सपाट रस्त्यावर सर्व गिअर तपासावेत, गळती पाहावी आणि त्यानंतरच चाळीसगावहून कन्नडच्या घाटात भरलेली गाडी न्यावी.