घर आवरायला निघालात? मग या चुका टाळा

घट बसायच्या आधी पंधरा-वीस दिवस माझा फोन वाजायला लागतो आणि पलीकडून बहुतेक वेळा एकच वाक्य येतं: "ताई, डबे आणून ठेवलेत, आता तुम्ही या." मी लगेच विचारते, पावती आहे का? असेल तर डबे परत करून या, मग आपण बोलू.

पैसे देऊन घर आवरून देण्याचं काम मी छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी या भागात करते. आधी डबे आणणं ही इथली सगळ्यात मोठी चूक आहे. डबा आला की तो भरावा लागतो. मग जी वस्तू बाहेर जायला हवी होती, तीच त्यात जाऊन बसते आणि वर छान चिठ्ठी लागते. दुसरी गोष्ट मापाची. मोबाइलवर जे व्हिडिओ बघून लोक खरेदी करतात, त्यांतल्या घरांत डाळ अर्ध्या किलोने येते. आपल्याकडे ज्वारी वर्षाची भरतात, तूरडाळ शेतातून पोत्याने येते, तिखट-मसाला एकदाच कुटून आणतात, कुरडया-पापड उन्हाळ्यात करून ठेवतात. एकसारख्या चाळीस बरण्या मांडल्या की फोटो चांगला येतो. पण पीठ मावत नाही, ते पिशवीतच राहतं आणि पिशवी ओट्यावर.

माझी पद्धत साधी आहे. मोठी कोठी खाली, पाटावर किंवा विटांवर, भिंतीपासून चार बोटं लांब. रोजचा डबा हाताशी, आठवड्याचं मावेल एवढा. पहिले दोन-तीन आठवडे मिठाईचे खोके, बुटांचे खोके, जुने स्टीलचे डबे, जे घरात असेल ते वापरायचं. कोणती वस्तू खरंच कुठे ठरते हे त्या काळात कळतं. मग फडताळाचं माप आतून घ्यायचं, बिजागरी सोडून, आणि तेव्हाच बाजारात जायचं. एवढा धीर नसेल तर घर चार दिवस नीट दिसेल, पाचव्या दिवशी पुन्हा ओटा भरेल.

कोठीवरून आठवलं म्हणून इथेच सांगते. धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात आणू नका. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो आणि त्याने माणसं दगावतात. कोठी झोपायच्या खोलीत असेल तर मुळीच नको. ज्वारी कडक वाळवा, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला, झाकण घट्ट लावा.

कागद रद्दीत घालणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते, कारण ती दुरुस्त होत नाही.

परभणीत एक जुनं घर होतं. मालक सत्तरी ओलांडलेले, मुलगा पुण्यात. मुलाने घर आवरायला कोणा नवख्याला बोलावलं. त्याने ऑनलाइन छोटा कोर्स केलेला आणि एका दिवसात घर रिकामं करून दाखवायचा उत्साह. माळ्यावर रुमालात बांधलेलं दफ्तर निघालं. आत उर्दू लिहिलेले कागद, कडांना कसर लागलेली. "कोणाला वाचता येत नाही, वाळवी घरभर होईल," म्हणून ते रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं. आजोबा तेव्हा दवाखान्यात होते.

काही दिवसांनी नातवाच्या जात पडताळणीसाठी पणजोबांच्या नोंदी मागितल्या, तेव्हा दफ्तराची आठवण झाली. रद्दीवाल्याकडे धावले, तर माल गाडीत भरून पुढे गेलेला. उरलेलं घर लावायला मला बोलावलं, तेव्हा आजोबा माळ्याखाली खुर्ची टाकून बसले होते. "काय शोधायलेत बाबा?" मी विचारलं. ते म्हणाले, "वाचता तर मलाबी येत नव्हतं. पण माझ्या बापानं बांधून ठेवलं होतं ना." पुढे शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातून एक उतारा मिळाला. जमिनीच्या कागदांसाठी तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयाच्या फेऱ्या सुरूच राहिल्या. दफ्तरात आणखी काय होतं, हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या काळचे कितीतरी कागद उर्दूत आहेत, काही मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे निजामकाळातल्या नोंदी धरण्याचा, शासन निर्णय निघाला, आणि लोक माळ्यावरच्या पेट्या उघडून बसले. पण प्रश्न एका समाजाचा नाही. पडताळणीत अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचे पुरावे महत्त्वाचे धरतात. पणजोबांचा फाटका शाळेचा दाखला कुणाच्या तरी पोराचा प्रवेश वाचवतो.

म्हणून मी कागदांना सगळ्यात शेवटी हात लावते. पहिल्या दिवशी घरातला प्रत्येक कागद, लग्नपत्रिकेपासून वीजबिलापर्यंत, एका पत्र्याच्या पेटीत जातो. निवडायला मी एकटी बसत नाही. घरातलं एक म्हातारं माणूस आणि एक तरुण, दोघांना समोर बसवते. म्हाताऱ्याला ओळख असते, तरुणाला गरज कळते. जे वाचता येत नाही ते राहतं, त्यावर चर्चा नाही. आणि जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही, कागद कायमचा अडकतो. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा, कागद न दुमडता फाइलमध्ये ठेवा, पेटी ओलीच्या भिंतीपासून दूर.

प्रकाराप्रमाणे लावण्याचा हट्ट

साड्या साड्यांत, दागिने दागिन्यांत, भांडी भांड्यांत. पुस्तकात हे बरोबर असेल, पण महालक्ष्म्यांच्या सामानाला हा नियम लावला की भाद्रपदात घरभर पळापळ होते. मुखवटे एका कपाटात, स्टँड माळ्यावर, साड्या रोजच्या साड्यांत, मंगळसूत्रं कुठल्या डबीत ते सासूबाईंनाच ठाऊक. वर्षातून एकदा लागणारं सामान एकत्रच राहिलं पाहिजे. मुखवटे सुती कापडात गुंडाळायचे, नाक-डोळ्यांचा रंग घासू नये म्हणून मध्ये कापूस. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवायची आणि विसर्जनानंतर त्याच यादीवर खूण करत भरायचं. कुरडईचा सोऱ्या, वाळवणाचं प्लास्टिक, कैऱ्या फोडायचा अडकित्ता यांचाही असाच एक उन्हाळी खोका करते.

पाण्याचे ड्रम हटवायला सांगणारे नवे लोक मला भेटतात. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांनी पाणी येतं, तिथे ड्रम म्हणजे अडगळ नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे ज्यांनी भोगलं त्यांना बाल्कनी मोकळी करा म्हणू नका. ड्रमला नीट बसणारं झाकण द्या आणि आठवड्यातून एकदा रिकामा करून घासा, डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो.

चिठ्ठ्या मराठीत लिहा. स्वयंपाकाच्या मावशींना वाचता येत नसतील तर पारदर्शक डबा घ्या.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत नको, मलमलमध्ये ठेवा. अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवरच विरते.

गोधड्या मोजून कमी करू नका. लग्नसराईत पाहुणे कुठे झोपणार, ते आधी विचारा.

हे काम धंदा म्हणून करणाऱ्यांसाठी

फोटो बघून भाव सांगू नका. फोटोत माळा दिसत नाही, पलंगाच्या खालचं दिसत नाही, आणि घरात निर्णय कोण घेतं हे तर नाहीच दिसत. सुनेने बोलावलं आणि सासूबाईंना पत्ता नाही, असं असेल तर काम सुरूच करू नका. दुपारपर्यंत पितळेच्या घंगाळ्यावरून घर पेटतं आणि दोष तुमच्यावर येतो.

सोनं, रोकड आणि देवघर घरच्यांनी स्वतः हलवायचं, मी फक्त जागा सुचवते. भंगाराचे पैसे मालकाच्या हातात, मालकाच्या समोर. तांब्या-पितळेला किलोवर भाव मिळतो म्हणून परस्पर विकणारे आहेत, त्यांच्यामुळे आमच्याकडे सगळे संशयाने बघतात. कोणाच्या घराचे आधीचे-नंतरचे फोटो न विचारता टाकू नका. पसारा ही घरातल्या बाईची अब्रू समजली जाते आपल्याकडे, तुमच्या जाहिरातीचं सामान नव्हे. काही घरांत शुक्रवारी किंवा अमावास्येला वस्तू बाहेर देत नाहीत. वाद घालू नका, टेम्पो दुसऱ्या दिवशी बोलवा.

पहिल्या भेटीला कशालाही हात न लावता तासभर बसा, चहा घ्या, सकाळी सहापासून कोण कुठून काय उचलतं ते विचारा. या भेटीचे पैसे वेगळे घ्या आणि ते आधीच सांगा. जो गिऱ्हाईक म्हणतो "नुसतं बघायचे कसले पैसे, एका दिवसात उरकून टाका", त्याचं काम मी घेत नाही.