करुणा, न्याय आणि येशूमागे चालणे: सामुदायिक प्रार्थनेत या चुका टाळा

उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी केलेली, प्रार्थना एक जण म्हणतो, पण ती सगळ्या मंडळीची असते, आणि ती मंडळीची झाली की नाही हे शेवटच्या ‘आमेन’वरून ओळखता येते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 14व्या अध्यायात हाच प्रश्न विचारला आहे: तू काय बोलतोस हे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला, म्हणजे देवाचे आभार मानणाऱ्या प्रार्थनेला, आमेन कसे म्हणणार? प्रार्थना आपल्याच भाषेत असली तरी हा प्रश्न सुटत नाही. शब्द समजतात, पण ते आपले वाटत नाहीत, आणि मग आमेन ओठांतल्या ओठांत विरून जाते. करुणा, न्याय आणि येशूमागे चालणे हे विषय आले की असे अधिकच घडते, कारण प्रार्थना चालवणाऱ्याच्या मनात या विषयांवर पुष्कळ काही साठलेले असते. अनेक वर्षे मी अशा प्रार्थना लिहीत आणि चालवत आलो आहे. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका माझ्या हातून झालेल्या आहेत.

प्रार्थनेत शिरलेला उपदेश

ही सर्वांत जास्त आढळणारी चूक, आणि ती पकडण्याचे साधन मराठीनेच आपल्या हातात दिले आहे. देवाशी बोलताना आपण ‘आम्ही’ म्हणतो, कारण ज्याच्याशी बोलायचे तो त्या ‘आम्ही’मध्ये नसतो; एकमेकांशी बोलताना ‘आपण’ म्हणतो. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘आमच्या’, ‘आमची’, ‘आम्हांला’ हीच रूपे आहेत. आता हे वाक्य पाहा: ‘हे प्रभू, समाजात इतका अन्याय वाढला असताना आपण सर्वांनी जागे झाले पाहिजे, गरिबांच्या बाजूने उभे राहिले पाहिजे.’ हाक देवाला मारली आहे, पण ‘आपण’ हा शब्द येताच बोलणाऱ्याचे तोंड मंडळीकडे वळले आहे. डोळे मिटून, माना खाली घालून बसलेल्या माणसांना त्या वेळी काही विचारताही येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, म्हणून हा उपदेश त्यांच्यावर अन्याय करतो.

उपाय साधा आहे. लिहिलेली प्रार्थना हातात घ्यावी, प्रत्येक ‘आपण’ आणि प्रत्येक ‘पाहिजे’ याखाली रेघ मारावी आणि ते वाक्य पुन्हा देवाकडे वळवावे. वरचेच वाक्य वळवून पाहू: ‘हे प्रभू, अन्याय डोळ्यांसमोर होत असताना आम्ही गप्प बसतो. ज्यांचे कोणी ऐकून घेत नाही, त्यांच्या शेजारी उभे राहण्याचे धैर्य आम्हांला दे.’ आशय तोच राहिला, पण आता बोलणारा मंडळीच्या समोर उभा नाही. तो तिच्यामध्ये उभा आहे.

याच घराण्यातली दुसरी चूक म्हणजे देवाला बातम्या सांगणे. ‘प्रभू, तुला ठाऊकच आहे की’ अशी सुरुवात झाली की पुढे आकडे, घटना आणि त्यांची कारणमीमांसा येते, आणि मागणी मात्र येता येत नाही. मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत, हे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशूनेच सांगितले आहे. पाश्चात्य मंडळीच्या जुन्या उपासनाविधीतील छोट्या प्रार्थनांची बांधणी येथे फार उपयोगी पडते: देवाला हाक, देवाविषयी एक खरी गोष्ट, एक मागणी, ती मागणी कशासाठी आहे ते, आणि शेवटी ‘येशू ख्रिस्ताच्या द्वारे’. पाच अवयव, बहुधा एकच वाक्य. या बांधणीत देवाविषयीची गोष्ट आणि मागणी एकमेकींना धरून असावी लागतात, त्यामुळे फाफटपसारा आपोआप गळतो. हागार ही अब्राहामाच्या घरातून घालवून दिलेली दासी; ‘हे देवा, तू हागारेचा आक्रोश अरण्यात ऐकलास’ असे म्हटल्यावर पुढची मागणी घराबाहेर काढलेल्या बाईसाठीच येते.

‘ते’ म्हणजे कोण?

एकदा मी कर्जात बुडालेल्यांसाठी प्रार्थना केली. ‘त्यांना आधार दे, त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची बुद्धी आम्हांला दे,’ असे माझे शब्द होते, आणि मला ते करुणेचे वाटले होते. उपासनेनंतर एक वयस्कर गृहस्थ दाराशी थांबले. माझा हात धरून ते म्हणाले, ‘तुम्ही ज्यांना ‘ते’ म्हणालात ना, त्यांच्यातला मी एक. तिसऱ्या बाकावर बसलो होतो.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते शब्द मला अधिक लागले.

करुणेच्या प्रार्थनेतला हा दोष वरून दिसत नाही. दान देणारे ते ‘आम्ही’ आणि दान घेणारे ते ‘ते’ अशी वाटणी आपण नकळत करतो आणि उपाशी, कर्जबाजारी, मारहाण सोसणारी, नोकरी गमावलेली माणसे मंडळीत नाहीतच असे गृहीत धरतो. प्रभूची प्रार्थना असे करत नाही. तिथे भाकर मागणारेही ‘आम्ही’ आणि ऋणी असलेलेही ‘आम्ही’. त्या दिवसानंतर मी असे लिहितो: ‘आमच्यापैकी जे कर्जाच्या ओझ्याखाली आहेत आणि ते कोणाला सांगू शकत नाहीत, त्यांना धीर दे, आणि आमच्यापैकी ज्यांच्याजवळ देण्यासारखे आहे, त्यांच्या मुठी उघड.’

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. आजारी माणसाचे नाव, आजार आणि घरातली भांडणे असा सगळा तपशील त्याला न विचारता प्रार्थनेत आणणे हा विश्वासघात आहे. आधी परवानगी घ्यावी. ती नसेल तर नाव मनातल्या मनात घ्यावे.

‘चुकलो असू तर’

न्यायाची प्रार्थना पापांगीकाराशिवाय, म्हणजे पापांच्या कबुलीशिवाय, उभी राहत नाही, आणि आपला पापांगीकार बहुतेक वेळा व्याकरणात लपतो. ‘आमच्याकडून काही चुका घडल्या असतील तर क्षमा कर.’ यात चुका आपोआप घडतात, त्या ‘काही’ असतात, आणि ‘असतील तर’ असतात. ‘समाजात अन्याय होत आहे’ या वाक्यातही अन्याय करणारा कोणी नाही. यशयाच्या पहिल्या अध्यायात देव म्हणतो की तुम्ही हात पसरले तरी मी डोळे झाकून घेईन, कारण तुमचे हात रक्ताने भरले आहेत. आणि पुढल्याच वचनांत काय करायचे तेही सांगतो: अनाथाचा न्याय करा, विधवेचा कैवार घ्या. म्हणून वाक्याला कर्ता द्यावा. ‘घरी राबणाऱ्या बाईची मजुरी आम्ही थकवली. जातीवरून, रंगावरून, भाषेवरून आम्ही माणसे बाजूला बसवली.’ प्रत्येक ओळ प्रत्येकाला लागू पडणार नाही, आणि तशी ती पडावी अशी अपेक्षाही नसते. मंडळी म्हणून आपण ते ओझे मिळून उचलतो. एका प्रार्थनेत अशा दोन ओळी पुरेत. दहा ओळी झाल्या की तो पुन्हा आरोपांचा पाढा होतो.

कळवळा शब्दाने येत नाही

‘करुणा’ हा शब्द एका प्रार्थनेत सहा वेळा आला म्हणून करुणा वाढत नाही. लोकसमुदाय पाहून येशूला त्यांचा कळवळा आला, असे मत्तय 9:36 मध्ये म्हटले आहे. तिथले मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवाचक शब्दावरून आले आहे. मराठीत आपण आतडे पिळवटले म्हणतो, ते त्याच्या अगदी जवळचे आहे. आणि आतडे पिळवटते ते विशेषणांनी नव्हे, दिसलेल्या माणसाने. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची जी गोष्ट येशूने सांगितली, तिच्यात तेल आहे, द्राक्षारस आहे, जनावर आहे, उतारशाळा आहे आणि दोन दीनार आहेत. ‘सर्व पीडितांवर करुणा कर’ असे लिहिण्याऐवजी ‘जी आई रात्रभर रुग्णालयाच्या जिन्यात बसून आहे’ असे एकच चित्र लिहावे आणि थांबावे. थांबणे याचा अर्थ निदान चार संथ श्वासांची शांतता. ती फार लांब वाटते म्हणून चालवणारा घाईने पुढे जातो. पण मंडळी त्या वेळात स्वतःची माणसे आठवत असते.

वरचेवर येणारी एक अडचण येथेच सांगतो. मंडळीचा प्रतिसाद वेळेवर येत नाही, कोणी आधी म्हणतो, कोणी नंतर. यात मंडळीचा दोष क्वचितच असतो. चालवणारा दर वेळी वेगळ्या शब्दांनी खूण करतो. ‘हे प्रभू, तुझ्या करुणेने’ अशी एकच खूण ठेवावी, ‘आमची प्रार्थना ऐक’ असा एकच प्रतिसाद ठेवावा, आणि सुरुवातीला तो एकदा म्हणून दाखवावा.

विलापाला घाई आणि क्षमेची सक्ती

150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ असे 13वे स्तोत्र विचारते. आपण मात्र दुःखाच्या ओळीनंतर लगेच ‘तरीही आम्ही आनंद करतो’ म्हणून मोकळे होतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की अत्याचार सोसलेल्या माणसासाठी आपण पहिली मागणी क्षमा करण्याच्या शक्तीची करतो. लूक 18 मधील विधवा न्यायाधीशाकडे क्षमेची शक्ती मागत नाही. ती न्याय मागते, पुन्हा पुन्हा मागते, आणि न खचता प्रार्थना कशी करावी याचे उदाहरण म्हणून येशू तिलाच पुढे करतो. आधी सुरक्षितता मागा, न्याय मागा, अत्याचार सोसलेल्या माणसाचे ऐकणारी माणसे मागा. क्षमेची वेळ त्या माणसाला आणि देवाला ठरवू द्या.

राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, पण त्या आज्ञेत एखाद्या पक्षाचा जयजयकार बसत नाही आणि विरोधकाचा हिशेब चुकता करणेही बसत नाही. शत्रूंसाठी प्रार्थना करा, असे सांगणाऱ्या येशूच्या नावाने आपण इतरांविषयी कोणते शब्द वापरतो याचे परिणाम दूरवर जातात. रोमन कॅथलिक मंडळीच्या शुभ शुक्रवारच्या प्रार्थनेत यहूदी लोकांसाठी शतकानुशतके एक लॅटिन विशेषण वापरले जाई, ज्याचा अर्थ लोकांनी विश्वासघातकी असाच घेतला. पोप तेविसावे जॉन यांनी ते 1959 मध्ये काढून टाकले. एका विशेषणासाठी इतका काळ लागला, हे ध्यानात ठेवून इतर धर्मांच्या, इतर पंथांच्या माणसांविषयीची प्रत्येक ओळ ते लोक समोर बसले आहेत असे समजून वाचावी.

आमेननंतर काय?

शेवटची चूक अशी की येशूमागे चालण्याची प्रार्थना मनाच्या अवस्थेवरच संपते: आमची अंतःकरणे पेटव, आम्हांला तुझ्या जवळ घे. पायांसाठी त्यात काहीच नसते. उघड्या आणि उपाशी भावाला ‘सुखाने जा, ऊब घे, तृप्त हो’ असे नुसते सांगणाऱ्याला याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे सुनावले, ते या प्रार्थनांना तंतोतंत लागू पडते. मत्तयाच्या 9व्या अध्यायाच्या शेवटी येशू शिष्यांना म्हणतो, पिकाच्या धन्याने कामकरी पाठवावेत म्हणून प्रार्थना करा. 10वा अध्याय उघडला की त्याच बारा शिष्यांची नावे येतात आणि त्यांनाच पाठवले जाते.

इ. स. 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे जे वर्णन लिहून ठेवले, त्यात हाच क्रम आहे: सर्व जण उभे राहून प्रार्थना करतात, मग भाकर आणि द्राक्षारस आणला जातो, पुढारी प्रार्थना व उपकारस्तुती करतो, लोक आमेन म्हणतात, उपस्थित नसलेल्यांकडे वाटा पोहोचवला जातो, आणि ज्यांना शक्य आहे ते देतात, ते जमलेले धन अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांच्यासाठी पुढाऱ्याजवळ ठेवले जाते. म्हणून प्रार्थनेचा कागद तयार झाला की त्याच्या मागच्या बाजूला मी एक ओळ लिहितो: या आठवड्यात कोण, कोणाकडे, केव्हा जाणार. ती ओळ कोरी राहिली, तर पुढची मागणी मी पुन्हा लिहायला घेतो.