जुना कॅसेट डेक घेतलाय? मग या चुका टाळा (माझ्या बहुतेक सगळ्या करून झाल्यात)

जुन्या बाजारातून डेक उचलून घरी आणला की माणूस आधी काय करतो, तर वायर प्लगमध्ये खुपसतो. तेवढं नका करू. आधी मागची पट्टी वाचा. जपानच्या मार्केटसाठी बनलेला डेक १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, आणि आपल्या भिंतीतनं येतात २३०. नशीब बरं असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. स्टेपडाऊन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावला की व्होल्टेजचं काम भागतं पण हर्ट्झ, म्हणजे विजेची वारंवारता, बदलत नाही, आणि सत्तरच्या दशकातल्या काही डेकची मोटर मेन्सच्या हर्ट्झवरच फिरते, म्हणजे ६० वाली मोटर आपल्या ५० वर टाकली की गाणं सहाव्या हिश्श्याने स्लो, गायिकेचा गायक होतो. डीसी मोटरवाल्यात ही भानगड नाही.

आता चालू केला, लाइट लागली, प्ले दाबलं, आत मोटर गुणगुणतेय पण चाकं हलत नाहीत. लोक इथे लगेच 'मोटर गेली' म्हणून मोकळे होतात. बहुतेक वेळा बेल्ट असतो हो. मी झाकण काढलं तर बेल्ट असा काही उरलाच नव्हता, फ्लायव्हीलभोवती (बेल्टने फिरणारं जड चाक) नुसता डांबरासारखा काळा लगदा, तो बोटाला लागला, बोटावरनं शर्टाला, शर्टावरनं सोफ्याला, आणि मग घरात सगळ्यांनाच कळलं डेक आलाय ते. हातमोजे घाला, कान साफ करायचे कापसाचे इअरबड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुलीची खाच न खाच साफ करा, जरा जरी राहिलं तरी नवा बेल्ट झोके खातो. माप घ्यायला शिवणाचा दोरा पुलींभोवती फिरवा, जेवढा भरेल त्यापेक्षा ५ ते १० टक्के लहान घेराचा बेल्ट घ्या. आणि प्लीज, भाजीच्या पिशवीचं रबरबँड लावू नका, तबला एकीकडे आणि पेटी एकीकडे जाते.

टेप खातोय? ओढू नका. स्टॉप, इजेक्ट, आणि कॅसेट अडली तर हळूच वरनं टेप सोडवा, मग पेन्सिल घालून गुंडाळा, ते कुणाला शिकवायला नको. कारण दोनच ठिकाणी शोधा. एक, उजव्या बाजूचं चाक टेप ओढून घेतंय का, नसेल तर आतली आयडलरची (मोटरची फिरकी या चाकापर्यंत पोचवणाऱ्या छोट्या चाकाची) रबर रिंग गुळगुळीत झालीये. दोन, पिंच रोलर (टेप दाबून पुढे नेणारं रबरी चाक) काचेसारखा चमकतोय का. चमकत असेल तर वर्षानुवर्षांचा तपकिरी थर बसलाय. रोलरला साबणाचं पाणी पुरतं, अल्कोहोल हेडला (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि कॅपस्टनला (रोलरला टेकून फिरणारी धातूची काडी) ठेवा, तेही ९९ टक्केवालं, सॅनिटायझर नाही. आणि कुरकुर आली म्हणून तो सुप्रसिद्ध निळा-पिवळा स्प्रे आत मारणाऱ्यांनी हात वर करा. तेल रबरावर गेलं की पकड संपली, पुढचे दोन रविवार पुसण्यात.

आता खरी चूक, जी मी केली आणि जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो. एक कॅसेट घुसमटल्यासारखी वाजत होती, उशीखालनं आल्यासारखी. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक छोटा स्क्रू दिसला, त्यावर लाल रंगाचा ठिपका. तो रंग कंपनीने 'हात लावू नका' म्हणूनच लावलेला असतो, पण आपण मराठी माणूस, स्क्रू दिसला की फिरवणार. फिरवला. आवाज खुलला, मी खूश! मग पुढच्या महिन्याभरात त्याच डेकवर दहाबारा कॅसेटी रेकॉर्ड केल्या आणि मित्राच्या गाडीत लावल्या तर सगळ्या उशीखाली.

तो अझिमथचा स्क्रू. हेडची फट टेपच्या चालीला बरोब्बर ९० अंशात पाहिजे. टेप पळते सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर ५ मायक्रॉनपेक्षाही छोटी, तिथे हेड केसभर तिरकं झालं तरी झांजा आणि स-श-ष गायब. नाकामिचीने १९८२ च्या ड्रॅगन डेकमध्ये प्लेबॅकच्या वेळी हे आपोआप जुळवायची सोय दिली होती, यावरनं प्रश्न किती किचकट आहे ते बघा. तेव्हा एक कॅसेट घुसमटली तर दोष कॅसेटचा किंवा ज्यावर ती भरली त्या मशीनचा, सगळ्याच घुसमटल्या तर आधी हेड पुसा, आणि पुसूनही फरक नाही तरच टेस्ट टेप (जुळवणीसाठी अचूक भरलेली कॅसेट) घेऊन अझिमथ.

रेकॉर्डिंग चालतंय का बघायला घरातली हाताला लागेल ती कॅसेट घालू नका. रेक दाबलं की लाइन-इनला (बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या जॅकला) काही जोडलेलं नसलं तरी जुनं पुसलं जातंच. आमच्या आज्जीच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये आता नऊ सेकंद शांतता आहे, ती माझी. कॅसेटच्या पाठीवरचे टॅब (ते तोडले की रेक दाबलंच जात नाही) आधी तोडा, मग पुढचं. पुन्हा भरायचीच असेल तर सेलोटेप फक्त टॅबच्या भोकावर, क्रोम कॅसेटला (टेपवर वेगळा लेप असलेली) शेजारी अजून एक खाच असते ती बुजवली तर ऑटो सिलेक्टरवाला डेक तिला साधी नॉर्मल समजतो. लेव्हल, म्हणजे भरताना मीटरवर दिसणारी डेसिबलची पातळी, नॉर्मल टेपला शून्याच्या आसपास, मोठा आवाज आला तर +३ पर्यंत गेलं चालतं. कायम लालमध्ये ठेवलंत तर आवाज फाटतो, घाबरून -१५ वर ठेवलंत तर गाण्यापेक्षा सूं जास्त. आणि सी-१२० (दोन तासांची कॅसेट) घेऊ नका, तिची टेप जेमतेम ९ मायक्रॉनची, डेकला ती खायला फार आवडते.

पावसाळ्यात कपाटातनं काढलेली कॅसेट खिडकीसमोर धरून बघा. रिळावर पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी, सरळ डेकमध्ये घातली की हेडवर, रोलरवर आणि तिथनं पुढच्या कॅसेटवर. आधी कोरडी पुसून घ्या, त्यासाठी भंगारातला एखादा वॉकमन बळी द्या, डेक नको.

राहिलं डॉल्बी. गणपतीतला छाती हलवणारा नाही, हा वेगळा, टेपची सूं कमी करणारा. डॉल्बी बी लावून भरलेली कॅसेट बटण बंद ठेवून ऐकली तर चरचरीत लागते, साधी कॅसेट बटण चालू ठेवून ऐकली तर मंद, आणि लोक हेड झिजलं म्हणून नवं शोधत फिरतात. जसं भरलंय तसंच ऐकायचं, म्हणून भरताना लेबलवर लिहून ठेवा. वडिलांनी लिहिलं होतं, पण प्रत्येक कॅसेटवर 'डॉ. बी', आणि आम्ही दोन दिवस विचार करत होतो की हे कुठले डॉक्टर.