स्वादुपिंडाच्या पेशींतील कॅल्शियम मोजताना या चुका टाळा

उंदराच्या ॲसिनर पेशींवर (स्वादुपिंडातील पाचक विकरे स्रवणाऱ्या पेशींवर) काम करताना सर्वांत महागात पडणारी चूक उत्तेजकाच्या मात्रेची असते. प्रतिसाद ठळक दिसावा म्हणून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक १० नॅनोमोलर एवढे सोडले जाते, कॅल्शियमच्या आलेखाची रेषा झर्रकन वर चढते, थोडी उतरून उंचावरच स्थिरावते आणि प्रयोग साधला असे वाटते. प्रत्यक्षात जेवणानंतर रक्तात हे संप्रेरक काही पिकोमोलरच असते. तेवढ्या मात्रेला पेशी पुन्हा पुन्हा उठणाऱ्या छोट्या लाटांनी उत्तर देते आणि त्या लाटा विकरांचे कण साठलेल्या टोकाशी सुरू होतात. मात्रेबरोबर अमायलेज या पाचक विकराचा स्राव वाढतो खरा, पण एका मर्यादेपुढे तो उलट घटतो आणि ट्रिप्सिनोजेन (ट्रिप्सिन या विकराचे निष्क्रिय रूप) पेशीच्या आतच सक्रिय होऊ लागते. सेरुलिन या कोलेसिस्टोकायनिनसारख्याच उत्तेजकाच्या अतिमात्रेने प्राण्यांत स्वादुपिंडदाह घडवता येतो तो याच गुणामुळे. तेव्हा कॅल्शियम जास्त म्हणजे स्राव जास्त, हे गृहीतच धरू नये; दोन्हींचे मात्रा-प्रतिसाद आलेख आधी काढावेत.

रेषा उंचावर टिकली, तर ते कॅल्शियम बाहेरून आले की आतल्या साठ्यातून, हे पाहण्यासाठी द्रावणातून कॅल्शियम क्लोराइड नुसते वगळणे पुरत नाही, कारण पाण्यातून आणि इतर क्षारांतून काही मायक्रोमोलर कॅल्शियम येतच राहते. कॅल्शियमला बांधून ठेवणारे ईजीटीए घालावे, मात्र ते कॅल्शियमला धरताना प्रोटॉन सोडते, म्हणून पीएच पुन्हा तपासावा (हे हमखास राहून जाते). अशा द्रावणात पहिले शिखर टिकते, कारण ते आयपी३ या पेशीतील संदेशवाहक रेणूमुळे अंतर्द्रव्यजालिकेतून सुटलेल्या कॅल्शियमचे असते. १९८३ मध्ये श्ट्रेब, अर्विन, बेरिज आणि शुल्त्स यांनी आयपी३ चे हे कार्य प्रथम दाखवले तेही स्वादुपिंडाच्या ॲसिनर पेशींतच. पेशी ईजीटीएमध्ये फार वेळ ठेवल्यास मात्र साठेही रिकामे होतात.

फ्युरा-२ एएम (कॅल्शियम मोजण्याच्या फ्युरा-२ या चमकणाऱ्या रंगद्रव्याचे पेशीत शिरू शकणारे रूप) ३७ अंशांवर तासभर भरल्यास रंगद्रव्य पेशीतील कप्प्यांत शिरते; खोलीच्या तापमानाला अर्धा तास बहुधा पुरेसा होतो. ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रत्येक वाचनातून पार्श्वप्रकाश वेगवेगळा वजा करूनच गुणोत्तर काढावे. स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत आणखी एक खाचखळगा आहे: फ्युरा-२ जस्ताला कॅल्शियमपेक्षा घट्ट धरते आणि इन्शुलिनच्या कणांत जस्त भरपूर असते.

उत्तेजकाशिवायही अमायलेज भरपूर गळत असेल, तर दोष बहुधा कोलॅजिनेजच्या (पेशी सुट्या करण्यासाठी वापरलेल्या विकराच्या) अतिरेकी पचनाचा असतो. त्या खेपेच्या पेशी टाकून द्याव्यात.