मे महिन्यात नागपूर-जळगाव, बाइकवर

पहाटे चारला निघा, अकराच्या आत अकोला गाठा. पुढचं अंतर ऊन उतरल्यावर. दुपारची मर्दुमकी नको. पारा ४४ वर गेला की वारा गार करत नाही, भाजतो. म्हणून जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावा. आत सुती बनियन भिजवून, हलकं पिळून घालायचं, मानेला ओला दुपट्टा. मी तर बाह्यासुद्धा भिजवतो, पंपावरचे लोक हसतात. तासाभरात सगळं खडखडीत वाळतं. थांबा, पुन्हा भिजवा. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात. निघण्याआधी, टायर थंड असताना हवा तपासा. तापल्यावर वाढलेली दिसते म्हणून काढू नका. गरगरलं की तडक सावली. सोबती बरळायला लागला तर अंगावर पाणी ओता, १०८ लावा.