सी मध्ये डिजिटल सर्टिफिकेटमधून पब्लिक की कशी काढायची

ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची सी लायब्ररी) असेल तर काम चार-पाच ओळींचंच आहे. फाईल एफओपन करा, पीईएम_रीड_एक्स५०९ ला द्या, बाकीचे तीन आर्ग्युमेंट नल चालतात, मग एक्स५०९_गेट_पबकी मारलं की ईव्हीपी_पीकी पॉइंटर, म्हणजे पब्लिक की, हातात. हे पीईएम, म्हणजे टेक्स्ट स्वरूपातल्या फाईलसाठी; फाईल डीईआर असेल, म्हणजे उघडल्यावर नुसता बायनरी कचरा दिसत असेल, तर डी२आय_एक्स५०९_एफपी वापरा नाहीतर पहिल्याच कॉलला नल येणार आणि तुम्ही उगाच कोड तपासत बसणार. गेट_पबकी की चा रेफरन्स काउंट (ती किती ठिकाणी वापरात आहे तो आकडा) वाढवतं म्हणून शेवटी ईव्हीपी_पीकी_फ्री पण लागतं, एक्स५०९_फ्री तर लागतंच, ओपनएसएसएल १.१.० पासून आलेल्या एक्स५०९_गेट०_पबकी ची की मात्र फ्री करायची नाही, डबल फ्री होईल, म्हणजे तीच मेमरी दोनदा सोडली जाईल. की फाईलमध्ये हवी तर पीईएम_राइट_पबकी. आणि हो, यात सर्टिफिकेट खरं की खोटं ते अजिबात तपासलं जात नाही, ते वेगळं करावं लागतं.